लादीतला शेजार

पहाटेचे साडेतीन. मध्य मुंबईतल्या एका जुन्या बेकरीचे पुढचे शटर खाली आहे, मागचे दार मात्र सताड उघडे. आत शिरले की आधी उष्मा अंगावर येतो, मग वास. भाजलेल्या पावाचा वास यायला अजून तासभर आहे. हा आंबलेल्या मैद्याचा वास, थोडा ताकासारखा, थोडा माडीसारखा. गंजी-लुंगीतले चौघे लांबलचक लाकडी ओट्याभोवती उभे आहेत. एक जण मैद्याच्या ढिगातून गोळे तोडतो. तराजू बाजूलाच आहे, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही. दुसरा दोन्ही तळव्यांखाली गोळे फिरवून गुळगुळीत करतो, तिसरा ते पत्र्यावर मांडतो. मांडताना दोन गोळ्यांत बोटभर जागा सोडतो.

त्या बोटभर जागेकडे मी बराच वेळ बघत होतो. गोळे फुगत जातात तशी ती भरत जाते आणि थोड्या वेळाने सगळे एकमेकांना टेकतात. भट्टीत गेल्यावर वरच्या बाजूला थेट आच लागते, ती तांबूस होते. बाजू शेजाऱ्याला चिकटलेल्या असतात, तिथे साल धरतच नाही. म्हणून लादीतला पाव तोडला की तिथे पांढरा, रेशा सुटलेला, कापसासारखा भाग दिसतो. पत्र्याच्या कडेच्या पावांना एक बाजू करकरीत मिळते. अगदी मधल्या पावाला चारही बाजूंनी शेजार असतो. सगळ्यांत मऊ तोच.

पलीकडच्या पत्र्यावर काही गोळे ऐसपैस अंतर ठेवून मांडले आहेत. पाणी जरा कमी, पीठ जरा घट्ट. यांना सगळीकडून आच लागणार, चहूबाजूंनी साल धरणार. हे कडक पाव. मऊ आणि कडक यांतला मोठा फरक असा शेजाराचा आहे, आणि उरलेला आचेचा नि वेळेचा. पुढे गोव्यापासून नाशिकपर्यंत जिथे जिथे पावाच्या मागे हिंडलो, तिथे या तीन गोष्टी पुन:पुन्हा भेटत राहिल्या. चौथी गोष्टही भेटली, पण तिचा पिठाशी संबंध नव्हता. पाव कोणी भाजला आणि कोणी खाल्ला, हा आपल्याकडे फार काळ धर्माचा प्रश्न होता.

* * *

आमच्या घरी तो प्रश्न आजीपाशी होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात पाव सकाळच्या एस.टी.ने यायचा, टपावरच्या पाटीतून, धुळीने माखलेल्या कापडाखाली. तो पडवीपर्यंत येऊ शकत असे. माजघराचा उंबरा त्याने ओलांडायचा नाही, हा आजीचा कायदा. कारण विचारले की ती म्हणायची, "पायाने तुडवतात मेले, म्हणून तर पाव म्हणतात त्याला." हे उत्तर महाराष्ट्रातल्या हजारो घरांत दिले गेले असेल. पाव आणि पाय यांची ध्वनीची जवळीक एवढी सोयीची होती की दुसरे काही शोधायची कुणाला गरजच वाटली नाही.

शब्द खरे तर पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजांच्या ज्या शब्दाचा उच्चार किंचित नाकातून होतो, त्याचे कोकणी-मराठीत ‘पाव’ झाले. बंगालीत त्यालाच रोटी जोडून पाउरुटी झाली. तोच शब्द पोर्तुगीज जहाजांबरोबर जपानला गेला आणि तिथे ‘पान’ झाला; आजही जपानी माणूस पावाला पानच म्हणतो. समुद्राच्या वाटेने गेलेल्या शब्दांमधला हा एक. आपल्याकडे मात्र तो बंदरावर उतरला तो पायाचा संशय घेऊन.

* * *

१५१० साली अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकला. आलेली माणसे गव्हावर वाढलेली होती आणि उतरली भाताच्या देशात. प्रभुभोजनासाठी पाव लागला म्हणून गोव्यात पाव आला, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण कॅथलिकांच्या मिस्सेत दिला जातो तो ओस्ती बिनआंबवलेल्या पिठाचा, पातळ पापुद्र्यासारखा. फुगलेला पाव ही शिपायांची, पाद्र्यांची, अधिकाऱ्यांची रोजची भूक होती. देवापेक्षा पोटाचा त्यात मोठा वाटा असावा.

अडचण होती ती आंबवणाची. इथल्या दमट उन्हाळ्यात युरोपातले विरजण टिकवण्याची कटकट कोण करणार? उत्तर माडावर लटकत होते. रेंदेर पहाटे माडावर चढून जी सूर, म्हणजे माडी, उतरवतो, ती उतरवता उतरवताच आंबू लागते. तिच्यातले रानटी यीस्ट साखर खाते, वायू सोडते आणि पीठ फुगवते. सोबतचे जिवाणू हलकी आंबट चव ठेवून जातात. म्हणजे पीठ परदेशी, कृती परदेशी, पण पावात जीव भरणारी गोष्ट इथल्या माडाची. सासष्टीतल्या माजोर्डे गावच्या लोकांना जेझुइट पाद्र्यांनी हे काम शिकवले, अशी गोव्यातली परंपरा आहे, आणि सासष्टीचे भट्टीवाले पुढे गोव्याबाहेरही पसरले.

या भट्टीवाल्याला गोव्यात पोदेर म्हणतात आणि भट्टीला फोर्न. दोन्ही शब्द पोर्तुगीजांचेच. पोदेर दारावर पाव घेऊन येतो तेव्हा आधी ऐकू येतो. हल्ली सायकलच्या किंवा स्कूटरच्या रबरी भोंग्याचा ‘पों-पों’ ऐकून घराघरांतून पिशव्या बाहेर येतात. त्याआधी तो पायी फिरे. डोक्यावर बांबूची पाटी, हातात वर घुंगरासारखे वाजणारे तुकडे लावलेली काठी. लुसियो रॉड्रिग्ज यांचा या पोदेरावरचा इंग्रजी लेख दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकात आहे. त्यामुळे ज्याने गोवा कधी पाहिलेला नाही, अशा उत्तर प्रदेशातल्या पोरालाही पोदेराच्या काठीचा आवाज माहीत असतो.

सासष्टीतल्या एका फोर्नात मी सकाळ घालवली. दगड-मातीची घुमटाकार भट्टी. तिच्या पोटातच लाकडे पेटवायची, तळ आणि घुमट तापून निघाला की निखारे ओढून बाहेर काढायचे, ओल्या पोतेऱ्याने तळ पुसायचा आणि नुसत्या साठलेल्या उष्णतेवर पाव भाजायचे. अशी भट्टी तापत नाही, ती फक्त निवत जाते. आणि कारागिराचे कसब म्हणजे ते निवणे ओळखणे. तळावर चिमूटभर पीठ टाकून ते किती वेळात काळे पडते यावरून तो आचेचा अंदाज घेतो.

गोव्याच्या पावांची नावे या भट्टीसमोर उभे राहून वाचली की नीट कळतात. तळ कडकडीत तापलेला असतो तेव्हा पोयी. गव्हाच्या जाडसर पिठाची ही चपटी, कोंड्यात लोळवलेली चकती तळावर पडली की आतल्या पाण्याची वाफ होते, वरचा आणि खालचा पदर सुटतो आणि ती आपल्या फुलक्यासारखी फुगते. निवल्यावर आत पोकळ खिसा राहतो. गोव्याचा माणूस त्या खिशात भाजी भरतो, चोरिस भरतो, काहीच नसेल तर बोटाने रस्सा पुसून घेतो. उंडो गोल, वर एक चीर दिलेला, साल जाड, आत लुसलुशीत. पोर्तुगालमधल्या न्याहारीच्या टेबलावर आजही दिसणाऱ्या ‘पापो-सेको’चा हा नात्यातला वाटावा. कातरो पावाला कात्रीने कापे देतात. कापा दिला की कडा वाढतात, कडा वाढल्या की करकरीतपणा वाढतो, इतके साधे त्याचे गणित. चौकोनी मऊ पाव तर आहेच. आणि भट्टी निवत आली की कांकण. बांगडीसारखे कडे मंद आचेवर वाळत राहते, त्यातले पाणी जवळजवळ संपते, मग ते डब्यात कितीही दिवस राहते आणि चहात बुडवल्याशिवाय दाताला दाद देत नाही.

मासळीच्या हुमणासोबत भात जेवणारा हा प्रांत. पण संध्याकाळी गाड्यावर रस-ऑम्लेट खाताना त्याला पावच लागतो. ऑम्लेटवर ओतलेला शाकुतीचा रस्सा भातात मुरला असता; उंड्याच्या सालीवर तो घास होऊन टिकतो.

* * *

आता आजीकडे परत. पाय तुडवण्याची गोष्ट ही तिची वरवरची ढाल होती. खरी गोष्ट ती क्वचित सांगायची, आवाज खाली आणून: फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने ते पाणी प्यायले आणि गाव बाटले. वसईपासून गोव्यापर्यंत किनाऱ्यावर ही कथा सगळीकडे आहे. धर्मांतरे झाली ती सत्ता, सक्ती, सवलती, श्रद्धा अशा अनेक कारणांनी. विहिरीतला पाव हा त्या सगळ्याचा लोकांनी काढलेला सोपा सारांश. पण त्या सारांशात एक भयंकर बाब आहे. विहिरीत तुकडा पडला म्हणून माणसे बाटत नाहीत. ती बाटतात, कारण उरलेले गाव त्यांना परत घेत नाही. बाटवण्याचे अर्धे काम पाव टाकणाऱ्याने केले असेल, तर अर्धे काठावर उभ्या राहिलेल्यांनी केले.

हे ज्यांना कळले, त्यांनी पावालाच हत्यार केले. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा, पण गुप्तपणे. या सभेत प्रवेश घेणाऱ्याला एक परीक्षा द्यावी लागे: ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा. तो एक घास गिळणे म्हणजे जन्मभराच्या पंक्तीतून उठण्याची तयारी दाखवणे. सभासदांची नावे बाहेर फुटली तेव्हा घबराट झाली आणि १८६० च्या सुमारास सभा मोडली. तिच्यातल्या काहींनी पुढे १८६७ साली प्रार्थना समाज उभा केला. त्यांच्या व्याख्यानांची, पुस्तकांची चर्चा आपण करतो. सुरुवातीला एक पाव होता हे विसरतो.

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्यात हेच नाटक उजेडात झाले. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठितांसमोर चहा आणि बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसती समोर ठेवली. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. त्यात टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ते झाली. भट्टीत भाजलेल्या मैद्याच्या एका तुकड्याने पुण्यातली सगळ्यांत मोठी डोकी जेरीस आणली होती.

गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला मुंबईत ‘माकापाव’ म्हणून चिडवीत, तेही याच खात्यात जमा. ‘माका पाव जाय’, मला पाव हवा, या त्याच्या साध्या कोकणी वाक्याचीच शिवी केली गेली. गंमत अशी की चिडवणारेही हळूहळू त्याच्याच दुकानातून पाव नेऊ लागले होते.

* * *

मुंबईने पावाचा हा धर्म सोडवला, पण तत्त्वज्ञानाने नव्हे, घड्याळाने. गिरणीचा भोंगा, लोकलची वेळ, गावी राहिलेले कुटुंब आणि खोलीत एका स्टोव्हवर दहा माणसे. अशा शहरात आधीच भाजलेली, हातात धरून चालता चालता खाता येणारी वस्तू जिंकणारच होती. गोव्याची माणसे धोबीतलावाच्या कुडांमध्ये, म्हणजे आपापल्या गावाच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहून कामाला लागली, त्यांच्यासोबत सासष्टीचे भट्टीकाम आले. यझ्द आणि कर्मानकडून आलेल्या इराण्यांनी कोपऱ्याकोपऱ्यावरची दुकाने घेतली. त्यांच्या हॉटेलांनी ब्रून नावाचा कडक पाव मुंबईच्या जिभेवर बसवला: वरची साल वाजेल इतकी खरपूस, सुरीने कापताना ओट्यावर चुरा उडतो, आत मस्का थापायचा आणि पाणी कम चहात बुडवायचे. बन-मस्का गोडसर, त्यात कधी मनुके. गल्लीतल्या भट्ट्यांवर उत्तर भारतातून आलेले मुसलमान कारागीर रात्रपाळी करू लागले. खिमा-पाव, भाजी-पाव, अंडा-पाव, मस्का-पाव: पावाने सोबत कोण आहे ते विचारणे सोडून दिले.

गावाकडे तो वेगळ्या दाराने शिरला, आजाराच्या. तापातून उठलेल्या माणसाला डॉक्टर दूध-पाव सांगत. आमच्या आजीचा कायदा पहिल्यांदा वाकला तो असाच. मला टायफॉइड झाला होता. तिने पडवीतच स्टोव्ह पेटवला, दूध तापवले, पाव कुस्करला आणि चमच्याने भरवला. माजघराचा उंबरा तिने राखला आणि नातूही राखला. मोठ्या प्रमाणावर पाव गावोगाव गेला तो १९६० च्या दशकात, अमेरिकेचा पीएल-४८० चा गहू बोटींनी उतरत होता तेव्हा. १९६५ साली सरकारने मॉडर्न बेकरीज काढली, यंत्रावरचा कागदात गुंडाळलेला ब्रेड शहरांत गेला. २००० साली ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरला विकण्यात आली. गावठी बेकऱ्यांनी मात्र टिकणाऱ्या मालावर भर दिला. टोस्ट, खारी आणि बटर: आठवडी बाजारात पोत्याने मिळणारे, पोकळ, खुसखुशीत बटर पाहिले की मला गोव्याचे कांकण आठवते. दोघांचे काम एकच, भट्टीपासून लांब राहणाऱ्याच्या चहाला सोबत करणे.

आणि मग वडापाव. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी पावात बटाटेवडा ठेवून विकायला सुरुवात केली, अशी प्रचलित कथा आहे; त्याच काळात सुधाकर म्हात्रे यांनीही ते केल्याचे सांगितले जाते. कोण पहिला हा वाद चालू दे. या कामाला लादी पावच का लागला, हे पाहणे मला जास्त महत्त्वाचे वाटते. ब्रून कडक, दाबला तर फुटेल. ब्रेडची स्लाइस वड्याचे तेल पिऊन लोळेल. लादीच्या पावाला वर पातळ साल असते, ती आकार धरते. बाजू बिनसालीच्या, त्या दाबल्या की वड्याभोवती बसतात. पूर्ण न कापता एक बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवायची, लसणाची कोरडी चटणी भुरभुरायची, वडा ठेवायचा आणि तळव्याने एकदा दाबायचे. १९८२ च्या संपाने गिरण्या थंडावल्या तेव्हा घराघरांतून वड्याच्या गाड्या निघाल्या. शिवसेनेने वडापावाला मराठी माणसाचा व्यवसाय म्हणून उचलून धरले. विहिरीत पडून गाव बाटवणारा पाव काही शतकांत मराठी अस्मितेचा झेंडा झाला, आणि कोणी प्रायश्चित्तही मागितले नाही.

या झेंड्याखाली प्रांतांनी आपापले हट्ट सोडलेले नाहीत. कोल्हापूरकर मिसळीला ब्रेडची स्लाइस घेतो. कटात बुडवायला त्याला तीच बरी वाटते, आणि लादी पावासोबत मिसळ खाणाऱ्याकडे तो थोड्या दयेने बघतो. पुणे-नाशिककडे मिसळीला पावच. नाशिककर तर एक पाऊल पुढे जातो. तो भाजी भरलेला अख्खा पाव बेसनात बुडवून तळतो आणि त्याला पाववडा म्हणतो. कच्छमधल्या मांडवीची दाबेली तव्यावर शेकून आपल्या कोपऱ्यावर आली. वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाला तळलेले गोल फुगे होतात. त्यांचे पीठही पूर्वी ताडीवर आंबे. विदर्भात मात्र पावाची डाळ तितकीशी शिजली नाही. नागपूरला सकाळी तर्री ओतायला पोहे आहेत, मधल्या माणसाची गरज काय?

* * *

पुन्हा ती मध्य मुंबईतली बेकरी. भट्टीत मोडक्या फर्निचरची लाकडे जळत आहेत; एका फळीवर कुणाच्या तरी कपाटाचा सनमायका अजून चिकटलेला आहे. याच धुरावर आता गदा आली आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले आणि महापालिकेने नोटिसा धाडल्या. आदेशाला विरोध करणे अवघड आहे. सनमायकाचा धूर त्याच गल्लीतल्या पोरांच्या छातीत जातो, आणि सगळ्यांत आधी या चौघांच्या. पण गॅस किंवा विजेची भट्टी बसवायला लागणारा पैसा, जुन्या इमारतींतली जागा आणि पावाची किंमत एका रुपयानेही वाढली की कपाळाला आठ्या घालणारे गिऱ्हाईक, या तिघांच्या कात्रीत छोटा बेकरीवाला सापडला आहे. मोठी कारखानदारी हे गणित सहज सोडवते. त्यामुळे लाकूड जाता जाता गल्लीतली भट्टीच जाईल, ही त्याची भीती पोकळ नाही.

गोव्यात तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने घडते आहे. पोदेराची मुले जहाजावर, आखातात, पोर्तुगालला गेली. अनेक फोर्न कर्नाटकातून आलेल्या कारागिरांनी चालवायला घेतले आहेत. सूर तर कधीच मागे पडली. माडावर चढणारा रेंदेरच दुर्मीळ झाला, पाकिटातले यीस्ट आले, ते लवकर फुगवते आणि चव ठेवत नाही. पोयीला मात्र अचानक भाव आला आहे. कोंडा पोटाला चांगला, असे शहरी पाहुण्यांना कळले. काही ठिकाणी तर नुसत्या मैद्याच्या चकतीवर कोंडा भुरभुरून तिला पोयी म्हणतात. वरून बघून ओळखू येत नाही, फाडल्यावर कळते.

पावणेपाचला पहिला पत्रा बाहेर आला. वरच्या तांबूस सालीवर एकाने तेलाचा बोळा फिरवला आणि लादी ओट्यावर उलटी केली. पाव एकमेकांना धरूनच राहिले. सायकलवाला दाराशी आला, त्याने उघड्या हातांनी लादी मोडली, मोजली, पाटीत रचली. त्या हातांचे नाव, गाव, जात विचारण्याचे कुणाच्याही मनात येणार नव्हते. तासाभरात ते पाव दादरच्या, लालबागच्या, मोहम्मद अली रोडच्या गाड्यांवर असणार होते.

मी आजीसाठी पाव नेत असे ते तिच्या शेवटच्या दोन वर्षांत. दात गेले होते, भाकरी चावत नव्हती. तालुक्याच्या बेकरीतून मी मोठी लादी आणायचो. एस.टी.तून उतरून घरी पोचेपर्यंत ती जरा चेपलेली असे. आजी आता माजघरातच खाटेवर असायची, त्यामुळे उंबऱ्याचा प्रश्न आपोआप मिटला होता. निदान तिने तो पुन्हा काढला नाही. चहाचा पेला हातात घेऊन ती लादीकडे बघायची. कडेचा पाव मी तोडू लागलो की मान हलवायची.

"तो नको रे," म्हणायची. "मधला दे. चारही अंगांनी मऊ असलेला."